घर तुमचं, मग भाडेकरू कोणी निवडायचा?

तुम्ही हाच प्रश्न विचारलात म्हणून सांगते. कोथरूड-कर्वेनगर भागात मी भाड्याच्या घरांची कामं करते, आणि कोणी ना कोणी घरमालक जरा चिडूनच विचारतो, "ताई, घर माझं, हप्ते मी फेडले. आत कोण राहणार हे मी ठरवलं तर तो भेदभाव कसा?"

ठरवा की. ठरवायलाच हवं. पगाराची स्लिप मागा, आधीच्या घरमालकाला फोन लावा, वन बीएचकेत सात जण राहणार असतील तर सरळ नाही म्हणा. लाइटबिल थकवून रातोरात सामान हलवणारे बिलंदर मीही पाहिलेत, त्यामुळे माणुसकीचं प्रवचन माझ्याकडून होणार नाही.

पण फोनवर सुरुवात होते ती अशी: "फॅमिली हवी, व्हेज हवी, आणि बाकी... तुम्हाला कळतंय ना."

हिंजवडीला नोकरी करणारा एक मुलगा बायकोला घेऊन घर बघायला आला होता. त्याने नळ सोडून पाण्याचा जोर पाहिला, बाल्कनीची कडी लावून पाहिली. मालक खूश. चहा आला. मग नाव, मग आडनाव. आडनावावरून काही उलगडेना, तेव्हा "मूळ गाव कुठलं?" तेवढ्यानेही भागेना, तेव्हा "गावात घर कुठल्या बाजूला?" मुलाने बायकोकडे पाहिलं, कप खाली ठेवला आणि सांगून टाकलं. "बरं बरं, कळवतो ताईंना." रात्री मला फोन: "मुलगा चांगला वाटला हो, पण सोसायटीत चालणार नाही." सोसायटीला कोणी विचारलंच नव्हतं. भाडेकरू ठेवायला आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, सोसायटीला कळवावं लागतं, परवानगी लागत नाही. हे मालकांनाही ठाऊक होतं, ते स्वतः कमिटीवर आहेत.

पगाराबद्दल विचारलं असतं तर त्या मुलाला उत्तर देता आलं असतं, आणि उत्तर पटलं नसतं तर नकारही समजण्यासारखा होता. घर कुठल्या बाजूला, यावर त्याने काय करायचं? बडोद्यात 1917 साली बाबासाहेब आंबेडकर परदेशातून शिकून संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी नाव सांगून ते पारशांच्या धर्मशाळेत राहिले आणि खरं कळल्यावर काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना तिथून बाहेर काढलं. आता काठ्या नसतात, चहा असतो.

थोडे वाचलेले मालक मला कायदा ऐकवतात. घटनेच्या कलम 15 मध्ये दुकानं, हॉटेलं, विहिरी आहेत, भाड्याचं घर नाही. अहमदाबादच्या पारशी सोसायटीला सभासद पारशीच ठेवण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली दिली, तेही खरं. मुसलमान मुलाला किंवा एकट्या बाईला घर नाकारणाऱ्याला याचाच आधार वाटतो. पण अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला घरात राहायला अटकाव करणं 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. "तुम्हाला कळतंय ना" च्या पुढे वाक्य जात नाही, ते काही संकोचामुळे नाही.

"भाडेकरू घर बळकावेल" ही भीती मात्र मी हसण्यावारी नेत नाही. पूर्वीच्या पागडीच्या काळात, म्हणजे एकदा मोठी रक्कम घेतली की भाडेकरूला हलवणं अवघड होतं तेव्हा, तिला अर्थ होता. आता करार नोंदवलेला असला आणि मुदत संपूनही भाडेकरू हलला नाही, तर 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि तेवढ्या काळासाठी भाड्याच्या दुप्पट रक्कम मागता येते. गंमत म्हणजे हाच मालक "आपल्यातला" भाडेकरू मिळाला की करार नोंदवायचा कंटाळा करतो. नोंदणी न केल्याबद्दल दंड आणि कैदेची तरतूद त्याच्यासाठीच आहे.

आणि हो, तो मुलगा पुढे दुसरीकडे किती छान राहिला हे मी सांगणार नाही. तो भाडं बुडवणारा निघाला असता तरी चहाच्या वेळी ते कोणाला माहीत नव्हतं.

हल्ली मी मालकांना एकच सांगते: अटी कागदावर लिहून सही करून द्या, त्याप्रमाणेच माणसं आणेन. भाडं, डिपॉझिट, पार्किंग, माणसं किती, सगळं पटापट लिहितात. मग पेन थांबतं. "बाकीचं लिहायचं कशाला, ताई?" म्हणतात, आणि दुसरा एजंट बघतात. तो दोन गल्ल्या सोडून मिळतोही.