पसरणी घाटात दोनदा गेलेलं हेड गास्केट

मे महिन्यात आमच्या वाईच्या गॅरेजला रोज एक तरी गरम झालेली गाडी येतेच. पाचगणीला निघालं की पसरणीचा चढ लागतो आणि तो सगळा सेकंड-थर्डवर काढावा लागतो. पण ही गाडी लक्षात राहिली, कारण तिचं हेड गास्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्या मधलं सील, दोन महिन्यांपूर्वीच दुसरीकडे बदललेलं होतं आणि तरी ती टोचन करून आमच्या दारात आली.

गाडी जुनी, पेट्रोल, चार सिलेंडर, ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं. गाडीचे मालक काका म्हणाले, "दादा, डुप्लिकेट गास्केट टाकलं असणार, तुम्ही ओरिजिनल टाका आणि परवापर्यंत द्या, घरात लग्न आहे." मी म्हणलं आधी बघू तर द्या.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर रेडिएटरचं झाकण काढलं, पाणी भरलं आणि स्टार्टर मारला तर बुडबुडे यायला लागले, सायलेन्सरमधून पांढरा धूर. डिपस्टिकवरचं ऑइल मात्र स्वच्छ, इथंच बघणारा फसतो, कारण पाणी मिसळून ऑइलचा चहा झाला नाही म्हणजे गास्केट चांगलं असं बरेच जण धरून चालतात. सिलेंडरमधला दाब मोजायला कॉम्प्रेशन गेज लावला. एक आणि चार नंबरला १७० पीएसआय, दोन आणि तीनला जेमतेम ७०. शेजारशेजारचे दोन एकदम पडले की बहुतेक मधल्या पट्टीतूनच गास्केट उडालेलं असतं.

टायमिंगच्या खुणा जुळवून बेल्ट काढला, हेडचे दहा बोल्ट बाहेरून आत असे थोडे थोडे सैल केले, हेड उचललं. दोन आणि तीनच्या मधे काळी जळालेली रेघ, तिथून एक फाटा पाण्याच्या भोकापर्यंत गेलेला. हेड साफ करून त्यावर स्ट्रेट एज, म्हणजे सरळ पट्टी ठेवली आणि खालची फट मापायला पोराला फीलर गेजच्या पत्त्या दिल्या. ०.१५ मिमीची पत्ती आरपार! पुस्तकात ०.०५ च्या वर चालत नाही. म्हणजे आधीच्या वेळी हेड न मापता वाकडंच बसवलं होतं, वाकड्या हेडखाली ओरिजिनल घाला नाहीतर सोन्याचं, ते टिकणार कसं?

काकांना पत्ती दाखवली. ते म्हणाले, "जशी आहे तशी बसवा, लग्नापुरती चालू दे." मी नाही म्हणलं. चढावर पोरंबाळं घेऊन गाडी बंद पडावी असं काम माझ्या हातून होणार नाही, लग्नाला दुसरी गाडी करा, ही मी पाच दिवसांनी देतो. काका जरा रागावले, पण चावी ठेवून गेले.

हेड साताऱ्याला पाठवलं, क्रॅक आहे का ते प्रेशर टेस्ट करून बघितलं आणि फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करून घेतलं. तोवर माझ्या डोक्यात एकच, हेड वाकलं गरमीनं, पण गरमी आली कुठून? रेडिएटर साफ होता, वॉटर पंप ठीक, थर्मोस्टॅट गरम पाण्यात टाकला तर उघडत होता. काकांना फोन केला, म्हणलं हायवेला कधी गरम झाली का? "नाही हो, पुण्याला चार वेळा जाऊन आलो, काही नाही. फक्त घाटातच." आणि एसी? "घाटात गाडी ओढत नाही ना, म्हणून बंद करतो."

तिथं माझी ट्यूब पेटली. हायवेला समोरच्या वाऱ्यानंच रेडिएटर थंड होतो, घाटात वेग नाही त्यामुळे सगळा भार फॅनवर. या गाडीत एसी लावला की फॅन फिरायचाच, म्हणून फॅन चांगला आहे असं सगळ्यांनी धरलं होतं. पण एसी बंद असताना पाणी तापल्यावर तो ज्या थर्मोस्विचवर चालू होतो, तो स्विचच मेलेला! स्विचच्या दोन वायरी थेट जोडून बघितल्या तर फॅन लगेच फिरला. स्विच नवीन टाकला.

हेड परत आल्यावर बोल्टची भोकं हवा मारून कोरडी केली. याचा मी फार आग्रह धरतो, भोकात पाणी राहिलं तर बोल्ट आवळताना ब्लॉकला चीर जाऊ शकते. नवं गास्केट कोरडंच ठेवलं, बोल्ट मधून बाहेर या क्रमानं टॉर्क रेंचनं तीन टप्प्यांत, आधी ३०, मग ५०, मग ६५ न्यूटन-मीटर. नवं कूलंट भरलं, हवा काढली.

सहाव्या दिवशी काकांना शेजारी बसवून एसी बंद ठेवून पाचगणीपर्यंत गाडी चढवली. अर्ध्या घाटात फॅनचा घोंघों आवाज सुरू झाला, काटा मधेच. काका नुसते त्या काट्याकडे बघत होते. वर टेबल लँडपाशी थांबलो तेव्हा म्हणाले, "फॅनचा एवढा आवाज मी या गाडीत कधी ऐकलाच नव्हता." दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनवर त्यांनी स्वतः झाकण उघडून बघितलं आणि फोन केला, पाणी काठोकाठ होतं.