पंधरा हजारांची पॉलिसी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न नेहमीचाच आहे. फ्रँक काप्राच्या ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ या १९४६ सालच्या कृष्णधवल सिनेमात देवदूत काय येतो, बर्फ काय पडतो, शेवटी सगळं गाव जमून गाणं काय म्हणतं! एवढा गोडमिट्ट मामला मी अजूनही लोकांना आवर्जून बघायला का सांगते?

मुळात तो गोडमिट्ट नाहीच. ज्यांना तसा वाटतो, त्यांना फक्त शेवटची दहा मिनिटं आठवत असतात. त्याआधीचे दोन तास एका अडकलेल्या माणसाचे आहेत. जॉर्ज बेलीला जग बघायचंय, पूल बांधायचेत, बेडफर्ड फॉल्स सोडायचंय. निघायची तयारी झाली की दर वेळी काहीतरी आडवं येतं. वडील जातात, तेव्हा त्यांची घरकर्ज देणारी छोटी संस्था बंद पडू नये म्हणून तो थांबतो. कॉलेजसाठी साठवलेले पैसे धाकट्या भावाला देतो. भाऊ परततो तो लग्न करून, सासऱ्याकडची नोकरी पदरात घेऊन. जॉर्जने हे सगळं हसतमुखाने केलं असतं, तर मी हा सिनेमा कधीच विसरले असते. पण तो धुसफुसत करतो. संकटाच्या रात्री घरी येऊन मुलांवर खेकसतो, मुलीच्या शिक्षिकेला फोनवर वाट्टेल ते बोलतो. जेम्स स्टुअर्ट तेव्हा नुकताच युद्धात बॉम्बर विमानं उडवून परतला होता. त्या प्रसंगातला त्याचा चेहरा मला निव्वळ अभिनय वाटत नाही.

आणि या सिनेमात सतत पैशाचे आकडे येतात. मला तेच सगळ्यात खरं वाटतं. गावातला धनाढ्य पॉटर जॉर्जला वर्षाला २०,००० डॉलरची नोकरी देऊ करतो, तेव्हा जॉर्जची कमाई आठवड्याला ४५ डॉलर असते. पुढे संस्थेचे ८,००० डॉलर जॉर्जच्या काकांच्या वेंधळेपणाने पॉटरच्याच हाती पडतात आणि तो गप्प बसतो. बिचारा जॉर्ज कर्ज मागायला जातो तो त्याच्याच दारी. तारण काय, तर १५,००० डॉलरची आयुर्विम्याची पॉलिसी, जिची त्या घडीची किंमत ५००. मग तू जिवंत असण्यापेक्षा मेलेलाच जास्त किमतीचा, असं पॉटर त्याला ऐकवतो. जॉर्ज जीव द्यायला पुलावर जातो, कारण हा हिशेब त्याला पटतो. खरं सांगायचं तर, निव्वळ आकडेमोडीत पॉटर चुकलेलाही नाही. कुणी पगारावरून माणूस जोखला की मला हे दृश्य आठवतं.

याला उत्तर देवदूत देतो असं सगळे म्हणतात. मला वाटतं, ते बरंच आधी देऊन झालेलं असतं. महामंदीचे दिवस. ठेवींना सरकारी विम्याचं संरक्षण अजून आलेलं नाही. जॉर्ज आणि मेरी लग्न लागल्याबरोबर मधुचंद्राला निघालेत आणि संस्थेच्या दारात ठेवीदारांची झुंबड उडते. तुमचे पैसे तिजोरीत नाहीत, ते शेजाऱ्याच्या घराच्या भिंतींत आहेत, हे जॉर्ज जीव तोडून सांगतो. कुणी ऐकत नाही. मग मेरी मधुचंद्राचे २,००० डॉलर वर धरते. पहिला माणूस हटून बसतो: माझे सगळेच्या सगळे २४२ डॉलर हवेत. पुढचे लोक वीसवर येतात. आणि त्यांच्या मागची एक बाई हळूच विचारते, साडेसतरा मिळतील का? जॉर्ज आनंदाने तिचा मुका घेतो. ती बाई पुन्हा फारशी दिसत नाही, पण माझ्या लेखी सिनेमा तिच्यापाशी आहे. जवळ काही नसताना दुसऱ्यासाठी किती सोडायचं, ते तिने तिथल्या तिथे ठरवलं. त्या दिवशी संस्थेचं दार बंद करायच्या वेळी दोन डॉलर उरतात.

देवदूत क्लॅरेन्स फक्त वजाबाकी करून दाखवतो. तो जॉर्जची स्तुती करत नाही, त्याला जगातून काढून टाकतो, म्हणजे जॉर्ज जन्मलाच नसता तर काय झालं असतं ते दाखवतो. मुलाच्या मृत्यूने सैरभैर झालेल्या औषधवाल्याने चुकून कॅप्सूलमध्ये विष भरलं, ते पोरसवदा जॉर्जने रोखलं होतं. जॉर्ज नसता तर तो औषधवाला वीस वर्षं तुरुंगात गेला असता. भाऊ नवव्या वर्षीच बर्फाखाली बुडाला असता. मग त्याने युद्धात वाचवलेले सैनिकही मेले असते. जॉर्जने यातलं काहीच कधी जमेला धरलेलं नव्हतं. (एक गोष्ट मात्र मला अजिबात पटत नाही. नवरा न मिळालेली मेरी ग्रंथपाल झालेली दिसते आणि जणू आभाळ कोसळतं! ग्रंथपाल होण्यात कसली आलीय शोकांतिका?)

भाबडेपणाचा आरोप असेल तर एवढंच बघा: पॉटरला शिक्षा होत नाही. ते ८,००० डॉलर त्याच्याकडेच राहतात. लोक चुरगळलेल्या नोटा घेऊन येतात, हिशेब तपासायला आलेला बँक निरीक्षकसुद्धा त्यात भर घालतो. श्रीमंत मित्राची २५,००० डॉलरपर्यंत मदत देऊ करणारी तारही येते, पण ती मागाहून. काप्राला नुसत्या त्या तारेवर सगळं निभावून नेता आलं असतं.

सिनेमा तेव्हा तिकीटबारीवर खर्चही भरून काढू शकला नाही. १९७४ मध्ये त्याच्या स्वामित्वहक्काचं नूतनीकरण राहून गेलं, आणि अमेरिकेतल्या टीव्ही केंद्रांना तो नाताळात फुकट दाखवायला मिळाला. घराघरांतल्या लोकांनीच मग त्याला मोठं केलं.

बघणार असाल तर रंगवलेली प्रत नको, मूळ कृष्णधवलच बघा. आणि जॉर्ज पुलावर ज्या अवस्थेत पोचतो, त्या अवस्थेतून तुमच्या ओळखीचं कुणी सध्या जात असेल, तर त्याला हा सिनेमा नुसता सुचवून मोकळे होऊ नका, सोबत बसून बघा.