सांधलेला शाफ्ट आमच्याकडे मिळत नाही

वडील बडोद्याच्या कलाभवनात, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या संस्थेत, शिकले. दांडिया बाजारातलं घर गहाण टाकून त्यांनी राजकोटचं लेथ आणलं आणि मकरपुरा जीआयडीसीत शेड घेतली. सुरुवातीला सगळी कामं ट्रॅक्टर-ट्रॉलीची.

ऍक्सल आखूड करण्याचं पहिलं काम जीपवाल्या डॉक्टरसाहेबांनी आणलं. खोल डिशची, म्हणजे बाहेरून वाटीसारखी खोल, चाकं त्यांनी हौसेने घेतली होती, पण टायर मडगार्डच्या बाहेर यायला लागले. चाक जितकं बाहेर येतं, तितकं हाउसिंग, म्हणजे चाकं फिरवणारे शाफ्ट ज्यात असतात ती ऍक्सलची नळी, आत घ्यायचं. ऑफसेट, म्हणजे चाकाच्या मध्यापासून ते बसतं त्या जागेचं अंतर, ५० मिमीने बदलला, तर दर बाजूला ५० मिमी. जुन्या जीपचा गोळा, म्हणजे दोन्ही शाफ्टना फिरवणारा डिफरन्शियल, मधोमध नसतो, दोन्ही शाफ्टची लांबी वेगळी, पण वजाबाकी दोन्हीकडे सारखीच. आणि हेही ऐकून ठेवा, टायर मडगार्डखाली आला तरी बेअरिंगवरचा जादा भार कमी होत नाही. डिश खोल तेवढा तो राहणारच.

वडिलांनी त्या कामासाठी ग्राइंडिंग करून घेतलेला बार आजही आम्ही वापरतो. गोळ्यातल्या कॅरिअर बेअरिंगच्या जागी बुश बसवून तो हाउसिंगमधून आरपार घालायचा, हाउसिंगची दोन्ही टोकांची तोंडं त्याच्यावर चढवायची, टॅक म्हणजे वेल्डिंगचे छोटे टिपके मारायचे, मग समोरासमोर थोडं थोडं वेल्डिंग. प्रत्येक टप्प्याला बार हाताने फिरवून बघायचा. अडला की समजायचं, नळी ओढली गेली. घाई करणाऱ्याने या कामात पडू नये.

शाफ्टचं मात्र वेगळं. मूळ शाफ्ट कडक केलेला असतो, गोळ्यात अडकणाऱ्या दांत्यांच्या मागे पुष्कळदा बारीक होत जातो. आखूड करून नवे दांते पाडायला मालच उरत नाही. म्हणून आम्ही ईएन २४ या मजबूत पोलादाचा नवा शाफ्ट करतो, दांते पाडून हीट ट्रीटमेंटला पाठवतो. महाग पडतं. पडणारच.

हेच आमच्या हाताखाली तयार झालेल्या एका कारागिराला पटलं नाही. चार शेड सोडून त्याने दुकान थाटलं आणि निम्म्या भावात काम घ्यायला लागला. शाफ्ट मधून कापायचा, सांध्यावर स्लीव्ह, म्हणजे नळी, चढवायची, वेल्ड मारायचा. गिऱ्हाइकं तिकडे वळली. मग हालोल रस्त्यावर एका जीपचा शाफ्ट सांध्यातच तुटला आणि बोभाटा झाला आमच्या नावाने! ऍक्सलचं काम म्हणजे आम्हीच, असं लोक धरून चालले होते. येणारी कामं थांबली. लाइट बिलासाठी मिलिंग मशीन विकावं लागलं. ते मशीन जाताना वडील शेडबाहेर आले नाहीत.

डॉक्टरसाहेब तुटलेले तुकडे घेऊन आले. बाकावर ठेवून म्हणाले, "सांधा उघड दिसतोय. तुमच्या शेडमध्ये असलं काम होतं का?" वाघोडियाच्या शेतावर त्यांनी ओळखीचे जीपवाले बोलावले, स्वतःच्या गाडीचा शाफ्ट आमच्याकडून बाहेर काढवला आणि दोन्ही शेजारी मांडून दाखवले. त्यानंतर कामं परत आली. त्या कारागिराने मात्र, वडील गेले तरी, "तो शाफ्ट माझा होता" हे चारचौघांत कबूल केलेलं नाही.

२०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर निकाल दिला, की कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल गाडीत करता येणार नाहीत; तेव्हापासून रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचं हे काम आम्ही घेत नाही. शेतावरच्या आणि ट्रॅकवरच्या गाड्यांचंच घेतो. येताना चाकं टायर चढवून सोबत आणा. नुसत्या मापाच्या चिठ्ठीवर आम्ही हाउसिंगला ब्लेड लावत नाही.