मशीद की चर्च?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते.

"कॉर्दोबाला जाऊन आलात ना? मग ती शेवटी मशीद आहे की चर्च?" लग्नात पंगतीला, स्टाफरूममध्ये, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, सगळीकडे हाच प्रश्न. विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरून कळतं की उत्तर तो घरूनच घेऊन आलाय, माझ्याकडून फक्त शिक्का हवाय. एकाला 'चर्च' ऐकायचं असतं, म्हणजे गेलेलं परत कसं मिळवावं याचा दाखला देता येतो. दुसऱ्याला 'मशीद' ऐकायचं असतं, म्हणजे अन्यायाचा दाखला देता येतो. मी स्थापत्याचा इतिहास शिकवते. स्पेनला गेले ती कॉर्दोबा शहरातली, आठव्या शतकात मशीद म्हणून उभी राहिलेली ही एक इमारत डोळे भरून बघायला. आल्यापासून इमारतीबद्दल कुणी बोलूच दिलेलं नाही.

कोरडं उत्तर आधी देऊन टाकते. ते कॅथीड्रल आहे, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च. कास्तीलच्या तिसऱ्या फर्दिनांद या ख्रिस्ती राजाने १२३६ मध्ये मुसलमान राज्यकर्त्यांकडून शहर घेतलं, तेव्हापासून तिथे मिस्सा, म्हणजे ख्रिस्ती उपासना, होते आहे. मशीद म्हणून ती वास्तू साडेचारशे वर्षं वापरात होती, चर्च म्हणून पावणेआठशेहून जास्त. मशिदीच्या जागी आधी संत विन्सेंटचं चर्च होतं, असं परंपरा सांगते. उत्खननात जुने अवशेष मिळाले आहेत, पण ते नेमके कशाचे यावर अभ्यासकांचं एकमत नाही. झालं उत्तर. समाधान झालं का? कुणाचंच होत नाही, कारण प्रश्न कॉर्दोबाचा नसतोच. तो आपल्या इथला असतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. देवगिरीच्या किल्ल्यात १३१८ ची मशीद आहे. तिच्यात देवळांचे खांब आहेत आणि १९४८ नंतर तिथे भारतमातेची मूर्ती बसली. मी दरवर्षी मुलांना तिथे नेते. तिथेही मला तोच प्रश्न विचारतात.

आता मी जे बघायला गेले होते ते सांगते. मध्ये थांबवू नका.

आम्ही कॉलेजमधले काही शिक्षक मिळून गेलो होतो. त्यात स्ट्रक्चर शिकवणारे आमचे सर होते, सोबत भाभी. सर मुसलमान आहेत. हे इथे लिहावं लागतंय याचाच मला त्रास होतो, पण पुढची गोष्ट त्याशिवाय कळणार नाही. संत्र्यांच्या झाडांच्या अंगणातून आत शिरलो आणि अंधाराला डोळे सरावेपर्यंत कुणी बोललंच नाही. साडेआठशेच्या आसपास खांब आहेत तिथे, आणि सर्वांत जुन्या भागात एकासारखा एक नाही. कुठला करडा, कुठला गुलाबी, कुठला गुळगुळीत, कुठल्याला पीळ. रोमन आणि त्यांच्यानंतर आलेल्या व्हिसिगॉथ राजांच्या काळातल्या इमारतींमधून आणलेले खांब ते. दमास्कसहून राज्य करणाऱ्या उमय्या घराण्याची कत्तल झाली तेव्हा जीव वाचवून पळालेला त्यांचा राजपुत्र, पहिला अब्द अल-रहमान, इथे अमीर झाला आणि ७८५ च्या सुमारास त्याने हे काम काढलं. हाताशी होते ते खांब जेमतेम तीन मीटरचे. एवढ्या पसरलेल्या दालनाला त्या उंचीवर छत टाकलं असतं, तर आत भुयारच झालं असतं.

मग त्या कारागिरांनी काय केलं? खांबाच्या डोक्यावर, खांबाहून जाड असा चौकोनी दगडी खांब चढवला आणि त्यावर कमान टाकली. पण बारीक खांबावर जाड खांब म्हणजे डुगडुगणार. म्हणून मधल्या उंचीवर, हवेत, दुसरी कमान घातली, घोड्याच्या नालेच्या आकाराची. सर तिच्याखाली मान वर करून किती वेळ उभे होते! म्हणाले, "मॅडम, खालची भार घेतच नाही. ती नुसती धरून ठेवते. भार वरचीवर आहे. वर भिंत आहे, भिंतीवर पन्हळ आहे, दोन्ही छपरांचं पाणी तिच्यात पडतं. वरची जाड, खालची बारीक. बघा, बघा." एक लाल विटेचा तुकडा, एक फिकट दगडाचा, पुन्हा विटेचा. स्पेनमधल्याच मेरिदाच्या रोमन जलसेतूत दगडविटांचे असेच थर आहेत, तिथूनच ही कल्पना आली असं पुष्कळ जण मानतात.

पूर्वेकडच्या भागात, हजारएक वर्षांपूर्वी अल-मन्सूर या सत्ताधारी मंत्र्याने वाढवलेल्या आठ ओळींत, सर पुन्हा थांबले. "इथं वीट नाही. दगडच आहे, वर लाल रंग दिलाय." खरंच तसं आहे. काम मोठं होतं, घाई होती, मग रंगावर भागवलं. दक्षिणेला ग्वादालक्विविर नदी, पश्चिमेला राजवाडा, म्हणून त्याला वाढवायला पूर्वेशिवाय जागा नव्हती, आणि त्यामुळे मिहराब, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारा भिंतीतला कोनाडा, कायमचा मध्यावरून सरकला. अशा गोष्टी मला सांगायच्या असतात. सत्तेची घाई रंगातून कशी दिसते, आणि ती ओळखायला मान किती वर करावी लागते, हे सांगायचं असतं.

मिहराबची सोनेरी काचनक्षी खलिफा दुसऱ्या अल-हकमच्या काळातली. तिच्यासाठी काचेचे तुकडे आणि कारागीर बायझंटाईन सम्राटाने पाठवले होते, म्हणजे ख्रिस्ती बादशहाने. हे सांगितलं की दोन्ही बाजूंचे लोक घड्याळाकडे बघतात.

तिथे मुसलमानांना नमाज पढायची परवानगी नाही. हा चर्चचा जाहीर नियम आहे. मुसलमान संघटनांनी परवानगी मागितली, ती नाकारली गेली, हे सगळं छापून आलेलं आहे. सरांना ते आधीपासून माहीत होतं. मिहराबसमोरच्या कठड्याशी ते आले आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिले. भाभींनी पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी धरला होता. मी त्याआधी थोडाच वेळ, मधल्या वेदीसमोर, सवयीने हात जोडले होते. माझ्याकडे कुणी पाहिलंही नव्हतं. सर म्हणाले, "घुमटाच्या फासळ्या बघा, मध्यावर एकमेकींना छेदतच नाहीत," आणि आम्ही घुमट बघितला.

परत आल्यावर एका संस्थेने माझं व्याख्यान ठेवलं. हॉल भरलेला, पडद्यावर छायाचित्रं. सर आणि भाभी तिसऱ्या रांगेत होते, कारण निम्मी छायाचित्रं सरांचीच होती. तासभर छान चाललं. दुहेरी कमानीच्या आकृतीला लोकांनी दाद दिली. मग प्रश्नोत्तरं. पहिलाच प्रश्न, मागून, बसूनच: "तिथे नमाज पढू देतात का?"

मी म्हटलं, "नाही."

आणि टाळ्या पडल्या. चारदोन नव्हे, चांगल्या जोरात. कमानीला मिळाल्या होत्या त्याहून जास्त.

मी माइकवरून विचारलं, "या टाळ्या कशासाठी?" आवाज चढला होता माझा. हॉल चिडीचूप. मग डावीकडून एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, "मॅडम बरोबर बोलतायत, तिथल्या लोकांनी पाडली तर नाही ना मशीद!" त्यावर मागून कुणीतरी देवळांची यादी सुरू केली. कुणीतरी म्हणालं, राजकारण नको. कुणीतरी म्हणालं, सुरुवात कुणी केली. आणि या सगळ्यात पुढच्या रांगांमधली माणसं एकेक करून वळली आणि सरांकडे बघायला लागली. आमच्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. सर पडद्याकडे बघत होते. पडद्यावर त्यांनीच काढलेला रंगवलेल्या कमानीचा फोटो होता. भाभी आधी उठल्या. आभारप्रदर्शन सुरू व्हायच्या आत दोघं निघून गेले. आयोजक माझ्या हातात नारळ आणि शाल देत होते तेव्हा मला दारातून त्यांच्या पाठी दिसल्या.

दुसऱ्या दिवशी सर स्टाफरूममध्ये नेहमीसारखेच होते. चहा घेताना म्हणाले, "मॅडम, तुम्ही विचारायला नको होतं. टाळ्या आपोआप विरल्या असत्या. तुम्ही विचारलंत म्हणून सगळे मागे वळले."

मी वाद घातला. मी म्हटलं, गप्प बसले असते तर त्या टाळ्या मला मान्य आहेत असं झालं असतं. मला त्या मान्य नव्हत्या आणि ते तिथल्या तिथे कळणं गरजेचं होतं. सर म्हणाले, "तुमच्यासाठी गरजेचं होतं." मी म्हटलं, तुमच्यासाठीही. ते म्हणाले, "माझ्यासाठी काय गरजेचं ते मला नाही का विचारायचं?" मग तास झाला आणि ते वर्गावर गेले. आजही मला वाटतं मी विचारलं ते योग्यच होतं. आजही त्यांना वाटतं ते नको होतं. आम्ही एकत्र डबा खातो आणि हा विषय काढत नाही.

तेव्हापासून माझा स्वतःशीच दुसरा एक वाद चालू आहे. स्पेनला जाण्याच्या कितीतरी आधी, नुसती पुस्तकं वाचून, मी कॉलेजच्या वार्षिकात लिहिलं होतं की मशिदीच्या पोटात बांधलेलं सोळाव्या शतकातलं कॅथीड्रल ही जखम आहे. आधार होता तो १५२३ च्या हकिकतीचा. बिशप आलोन्सो मान्रिकेने मध्यभाग पाडून नवं बांधकाम काढलं, तेव्हा शहराच्या कारभाऱ्यांनीच दवंडी पिटवली की जो कारागीर पाडकामाला हात लावेल त्याला मृत्युदंड. ख्रिस्ती शहर, ख्रिस्ती कारभारी, आणि ते मशिदीच्या खांबांसाठी चर्चशी भांडत होते! धर्ममंडळाने त्यांना बहिष्कृत केलं, प्रकरण सम्राट पाचव्या चार्ल्सपर्यंत गेलं आणि त्याने बिशपच्या बाजूने कौल दिला. नंतर काम बघून त्याला हळहळ वाटली असं सांगतात. ती दंतकथाही असेल, कारण त्याच चार्ल्सने ग्रनाडाच्या अल्हाम्ब्रात स्वतःचा महाल घुसवला.

पण प्रत्यक्ष तिथे बसल्यावर 'जखम' हा शब्द मला पुरला नाही. कमी उंचीच्या अंधाऱ्या रांगांतून चालत आलात की अचानक छत उंच उडतं आणि वरून पांढरा उजेड कोसळतो. एर्नान रुइझने काम सुरू केलं, मग त्याच्या मुलाने, नातवाने पुढे नेलं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत काम चाललं. नव्या भिंतींमध्ये त्यांनी जुन्या कमानी तशाच ठेवल्या आहेत, त्या दिसतात. गायकांसाठीची महोगनीची आसनं दुके कोर्नेखोची, अठराव्या शतकातली. तिथल्या एकेका आसनाच्या पाठीवर अख्खा प्रसंग कोरलेला आहे. हेही कारागिरांचंच काम, यालाही पिढ्या लागल्या. आणि ही वास्तू चर्च म्हणून वापरात राहिली म्हणून उभी राहिली, हेही नाकारता येत नाही. सेव्हियाची मोठी मशीद पंधराव्या शतकात पाडली गेली. तिचं अंगण आणि आज हिराल्दा म्हणतात तो मिनार, एवढंच उरलं.

एवढं सगळं मी त्या वार्षिकातल्या बाईला सांगते. ती ऐकून घेते आणि विचारते, "आणि काढलेले खांब?" माझ्याकडे उत्तर नाही. उजेड कितीही सुंदर असला, तरी तो जिथे पडतो तिथे कमानींच्या रांगा होत्या. मग मी चिडून तिला म्हणते, मशिदीचे खांबसुद्धा कुणाच्या तरी इमारतींतून आले होते. ती म्हणते, म्हणून हे चालतं? नाही चालत. तेही नाही, हेही नाही. आणि तरीही दोन्हींनी मिळून जे उभं आहे त्याच्याखाली मला पुन्हा जाऊन उभं राहायचं आहे. याला तुम्ही गोंधळ म्हणालात तर म्हणा.

आणखी एक प्रश्न येतो: मग मालक कोण? २००६ मध्ये बिशपच्या कार्यालयाने ३० युरो शुल्क भरून मालमत्ता आपल्या नावावर नोंदवून घेतली आणि तिथल्या नागरिकांनीच त्यावर रान उठवलं, ही वास्तू सगळ्यांची आहे म्हणून. तो वाद त्यांचा आहे, ते बघतील. तुम्ही त्यातून इथल्या भांडणासाठी दारूगोळा नेऊ नका, एवढीच माझी विनंती आहे.

जाणार असाल तर जरूर जा. आत शिरल्यावर सोनेरी मिहराबकडे धावू नका. अंगणाच्या बाजूच्या सर्वांत जुन्या भागात थांबा, एक पिळाचा खांब शोधा, त्याच्यापासून नजर वर न्या आणि दोन कमानींपैकी बारीक कुठली ते बघा. मग पूर्वेला जाऊन रंग आणि वीट यातला फरक ओळखून दाखवा. परत आलात की मला त्याबद्दल विचारा, मी तासभर बोलेन. सरांनाही विचारा. त्यांच्याकडे माझ्यापेक्षा चांगले फोटो आहेत, आणि या प्रश्नांना ते कधी नाही म्हणत नाहीत.