पावसाळ्याआधी फाउंड्रीचा साठा : किती आणि कशाचा

मे महिना आला की सांगलीजवळच्या कुपवाड, मिरजेच्या फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) एकच विचार सुरू होतो : पिग आयर्न (ओतकामाचं कच्चं लोखंड) भरून ठेवू. भरावंच. पण भट्टी बंद पडते ती बहुतेक वेळा पिग आयर्नमुळे नाही, तर वर्षाच्या खरेदीत नाव घेण्याइतकीही रक्कम नसलेल्या मालामुळे.

आधी पिग आयर्नचा हिशेब. समजा, रोजचा सरासरी खप २ टन, जास्तीत जास्त अडीच. ऑर्डर दिल्यापासून माल यायला एरवी ६ दिवस, वाईट पावसात ११. मग अडीच गुणिले ११ म्हणजे साडेसत्तावीस टन. साठा इतका उतरला की ऑर्डर गेलीच पाहिजे. त्यातून नेहमीचे १२ टन (२ गुणिले ६) वजा केले की राखीव साठा साडेपंधरा टन. किलोला ४५ रुपये धरले तर सुमारे ७ लाख अडकतात. ११ टक्के व्याजाने चार महिन्यांचे साधारण साडेपंचवीस हजार. समोर बंद दिवसाचा खर्च मांडा : मजुरी, विजेचा डिमांड चार्ज (तो युनिट शून्य असले तरी लागतो) आणि ग्राहकाचा डेबिट (उशिरापायी तो बिलातून कापतो ती रक्कम). माझ्या मते इथे वाद उरत नाही.

आता बारीक माल. एसजी आयर्न (मॅग्नेशियम घालून केलेलं चिवट बीड) करणाऱ्यांना फेरो-सिलिकॉन-मॅग्नेशियम आणि इनॉक्युलंट (ओतण्याआधी रसात घालायची पूड), सगळ्यांना रॅमिंग मास (भट्टीच्या अस्तराचा माल), बेंटोनाइट (साच्याची वाळू बांधणारी माती), स्लीव्ह (साच्यात रस गरम ठेवणारी नळी). बेंटोनाइट कच्छवरून येतं, म्हणजे वाट लांब आणि गाडी बहुधा इतरांच्या मालासोबत. याचा साठा किमतीवर ठरवू नका. ‘हे नसेल तर काय थांबतं’ यावर ठरवा. याचं दीड महिन्याचं भरलं तरी पिग आयर्नच्या तुलनेत पैसा थोडाच अडकतो. फक्त ओल सांभाळा. दमट रॅमिंग मासचं लायनिंग तापवताना तडकतं, बेंटोनाइटचे गोळे होतात, मॅग्नेशियमच्या मालाची भुकटी होऊन रिकव्हरी (रसात प्रत्यक्ष उतरणारं मॅग्नेशियम) घसरते. पोती भिंतीपासून फूटभर लांब, पॅलेटवर ठेवा आणि आधी आलेलं आधी वापरा. हे शेवटचं सगळ्यांना माहीत असतं, तरी जुनी पोती तळाशीच राहतात.

वाटेचं. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका ४५. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. ४० ची वाट पाहत बसाल तर उशीर झालेला असतो, कारण तेव्हा प्रत्येकालाच गाडी हवी असते. ३० फूट आणि कोयनेचा विसर्ग वाढता, एवढं दिसलं की तयार कास्टिंग (ओतीव भाग) पुण्याकडे रवाना करावं. महामार्गाला नेणारी पेठ नाक्याची वाट बंद झाली तर तासगाव, विटा, मायणी, दहिवडी, फलटण असा रस्ता आहे. त्यात कृष्णा ओलांडावी लागत नाही. कर्नाटकातून जमखंडी–अथणीने येणाऱ्या मालासाठी विजापूर–जतचा फेरा हाताशी ठेवा. ट्रान्सपोर्टरशी जूनच्या आधीच लेखी ठरवा : फेऱ्याच्या जादा किलोमीटरला दर काय, हॉल्टिंग (गाडी थांबल्याचं भाडं) किती तासांनंतर आणि रोज किती. पुरात अडकलेल्या गाडीचं भाडं फोनवर ठरवायला गेलात तर समोरचा म्हणेल तो आकडा.

पुण्याजवळ चाकणला गोडाऊनमध्ये पाचेक दिवसांचं कास्टिंग ठेवणं भाड्याच्या मानाने परवडतं. पण ती जागा जीएसटी नोंदणीत अतिरिक्त ठिकाण म्हणून आधी दाखवावी लागते, आणि माल विक्रीच्या बिलावर नाही, डिलिव्हरी चलनावर जातो.

ई-वे बिलाची (माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची) मुदत साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस. ती संपायच्या आधीच्या ८ तासांत किंवा नंतरच्या ८ तासांत वाढवता येते. ते हुकलं तर रस्त्यात दंडाचा प्रसंग. वाटेत गाडी बदलली तर त्याच्या पार्ट-बी मध्ये (गाडीच्या तपशिलाच्या भागात) नवा नंबर भरल्याशिवाय ती हलवू नका. हे काम ऑफिसातल्या एकाच माणसाकडे नको. पुरात नेमका तोच घरी अडकतो.