चार फुगे आणि पाण्याचा कोन

तलावपाळीवरचा फुगेवाला विचारतो, "कितव्या वाढदिवसाचे?" आता त्याला मिथेन कुठून समजावणार! चार गोल फुगे सारखेच फुगवायचे आणि चौघांची तोंडं एका गाठीत आवळायची, बस्स. मग टेबलावर दाबून त्यांचं सपाट अधिक चिन्ह करायला जावं, तर हात काढताच एक फुगा टुणकन वर येतो आणि उरलेले तीन खाली टेकतात. मधल्या गाठीच्या जागी कार्बन आणि फुग्यांच्या टोकांना हायड्रोजन धरले की झाला मिथेन. कोणत्याही दोन फुग्यांमधला कोन 109.5 अंश. वहीत आपण मिथेन 90 अंशांनी काढतो, तो कागदाच्या सोयीसाठी.

भाची अकरावीला आहे. हे सगळं तिला 'व्हीएसईपीआर' (रेणूंचे आकार सांगणारा नियम) या अगडबंब नावाने भेटलं आणि तिने कोन घोकायला घेतले. खरं तर घोकण्यासारखं त्यात फारसं नाही. 1940 मध्ये सिजविक आणि पॉवेल या रसायनशास्त्रज्ञांनी मांडलेली आणि 1957 मध्ये गिलेस्पी आणि नायहोम यांनी नीट बसवलेली गोष्ट एवढीच, की मधल्या अणूभोवतीच्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या या फुग्यांसारख्याच एकमेकींपासून जमेल तितक्या लांब राहतात.

"मामा, पाण्यात तर दोनच हायड्रोजन. मग ते सरळ रेषेत का नाहीत?"

प्रश्न फक्कड होता. ऑक्सिजनभोवतीही जोड्या चारच असतात, पण त्यातल्या दोन लोन पेअर, म्हणजे कुठल्याच बंधात न गुंतलेल्या. त्यांना दुसऱ्या टोकाला ओढून धरणारा अणू नसतो, म्हणून त्या ऐसपैस पसरतात आणि शेजारणींना रेटतात. आम्ही दोन फुगे जरा जास्त फुगवले, तर बाकीचे दोन जवळ सरकले. अमोनियात अशी एकच जोडी असते, तिथे कोन 107 होतो, पाण्यात 104.5. पाणी कार्बन डायऑक्साइडसारखं सरळ असतं, तर ऑक्सिजनची इलेक्ट्रॉनांवरची दोन्हीकडची ओढ फिटून गेली असती आणि त्यात मीठ असं विरघळलं नसतं. सूत्रात न दिसणाऱ्या जोड्यांचा हा प्रताप!

पण ओहोटीला कळव्याच्या खाडीवरून गाडी जाताना सडक्या अंड्यांचा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा. त्यातलं गंधक ऑक्सिजनच्याच घराण्यातलं, लोन पेअरही दोनच. कोन मात्र 92 च्या आसपास. इथे फुगे हात टेकतात.

"मग पेपरात काय लिहू?"

"आकार वाकडा लिही. तेवढं बरोबर येतं."