जुलैची नोंद : 'द लास्ट एक्सप्रेस', दुसरी फेरी

जुलै संपत आला, पण या महिन्यात नवा गेम एकही सुरू केला नाही. एकाच गाडीने दोनदा प्रवास केला. आणि दुसऱ्या फेरीनंतर 'द लास्ट एक्सप्रेस' तुम्हा सगळ्यांना आग्रहाने सुचवल्याशिवाय राहवत नाहीये.

गेम १९९७ सालचा. करणारे जॉर्डन मेकनर, म्हणजे ज्यांचा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' आपल्यातल्या कित्येकांनी शाळेत संगणकाच्या तासाला चोरून खेळला तेच. 'प्रिन्स' सगळ्यांना आठवतो, ही आगगाडी मात्र फारशी कुणी पाहिलेली नसते. गेम बाजारात आला त्याच सुमारास प्रकाशक कंपनीतली मार्केटिंगची माणसं सोडून गेली, जाहिरात झालीच नाही, आणि चार वर्षं खपून केलेलं काम दुकानात पडून राहिलं. याची मला आजही हळहळ वाटते.

२४ जुलै १९१४, संध्याकाळ. ओरिएंट एक्सप्रेस पॅरिसहून कॉन्स्टँटिनोपलला निघाली आहे. आदल्याच संध्याकाळी ऑस्ट्रियाने सर्बियाला ४८ तासांचा निर्वाणीचा खलिता दिलेला आहे. म्हणजे गाडी व्हिएन्ना, बुडापेस्ट करत पुढे सरकते आणि मुदतही सरत जाते. आपण रॉबर्ट कॅथ, अमेरिकन डॉक्टर. मित्राला भेटायला चालत्या गाडीत चढतो, तर कंपार्टमेंटमध्ये मित्राचं प्रेत. इथून पुढचं सांगणार नाही.

सांगायचंय ते घड्याळाबद्दल. या गाडीत वेळ कुणासाठी थांबत नाही. गेममधला काळ खऱ्या काळाच्या सहापट वेगाने धावतो आणि प्रत्येक प्रवासी आपापल्या वेळेने उठतो, जेवतो, भांडतो, झोपतो. जर्मन शस्त्रव्यापारी सर्बियन तरुणांशी दबक्या आवाजात बोलत असतो. रशियन काउंट आणि त्यांची नात जेवायला बसलेली असतात. एक फ्रेंच पोरगा बोळातून पळत असतो. तुम्ही तिथे नसलात तरी हे सगळं घडतंच. चुकलात, मेलात, तर घड्याळाचे काटे मागे फिरवायचे आणि त्याच तासात पुन्हा उतरायचं.

पहिल्या फेरीत मी कोडी सोडवत पळत होतो. या वेळी ठरवून थांबलो. रात्री दिवे मालवून, हेडफोन लावून, बोळातल्या खिडकीपाशी नुसता उभा राहिलो. माणसं आपापल्या भाषेत बोलतात: फ्रेंच, जर्मन, रशियन. कॅथला जी भाषा कळते तिचेच सबटायटल येतात. दाराआडून अर्धं वाक्य ऐकू येतं, मग चाकांचा खडखडाट ते गिळून टाकतो. लहानपणी वरच्या बर्थवर झोपेचं सोंग घेऊन खालच्या मोठ्या माणसांची बोलणी ऐकायचो, अगदी तसंच वाटलं. पहिल्या फेरीत ज्यांना नुसते शोभेचे प्रवासी समजलो होतो, त्यांच्यातल्या दोघांची अख्खी गोष्ट या वेळी हाती लागली.

आणि ती मैफल! क्रोनोस नावाच्या प्रवाशाच्या खाजगी डब्यात ॲना वुल्फ ही दुसरी प्रवासी व्हायोलिन वाजवते, संगीतकार सेझार फ्रांकचा सोनाटा. मैफल चालू असताना बाहेर दुसरी कामं उरकायची असतात, पण माझं ऐका: एकदा नुसते बसा. घड्याळ मागे फिरवून काम मागाहून करता येतं.

चित्रं पहिल्यांदा खटकतील. नटांना प्रत्यक्ष चित्रित करून त्यावरून रेषा आणि सपाट रंग काढले आहेत, आर नूवो (त्या काळची वळणदार रेषांची चित्रशैली) पोस्टरसारखे, आणि हालचाल सलग नसून एक चित्र दुसऱ्यात विरघळत जाते. माझी नजर पंधरा मिनिटांत रुळली. आता तर वाटतं, हे चेहरे आजच्या कितीतरी थ्रीडी चेहऱ्यांपेक्षा कमी म्हातारे झालेत.

कानाची ही सवय लागल्यावर शेवटच्या आठवड्यात 'थीफ : द डार्क प्रोजेक्ट' हा लपतछपत चोरी करायचा गेम पुन्हा काढला (१९९८, लुकिंग ग्लास कंपनीचा). फरशीवर पाऊल वाजतं, गालिच्यावर वाजत नाही, आणि पहारेकरी ते ऐकतो. मशाल विझवायला पाण्याचा बाण, पाऊल दबवायला शेवाळाचा. नव्या विंडोजवर चालवायचा असेल तर आधी 'टीफिक्स' ही चाहत्यांनी केलेली दुरुस्ती टाका, त्याशिवाय हात घालू नका. पहिलं मिशन वाड्यात चोरीचं, ते कुणालाही आवडेल. दुसरं तुरुंगातलं, जरा लांबलेलं.

सध्या तिसऱ्या मिशनमध्ये, हाडांच्या भुयारात आहे. इथे क्विंटसचं शिंग शोधायचं आहे, आणि ते शिंग दुरूनच ऐकू येतं. नकाशा नावापुरता. काल तासभर त्या सुराच्या मागावर होतो. सूर डावीकडून येतोय आणि डावीकडे नुसती भिंत आहे. वाट माहीत असेल तरी सांगू नका.